५२ − २७ = ३५ लिहिणाऱ्या मुलांना वजाबाकी कशी शिकवता?

रानजाई | ४ ऑगस्ट, रात्री ९:१५

मी नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी माझ्याकडे आहेत, दोन्ही मिळून १७ मुलं. गेल्या आठवड्यात तिसरीला ५२ वजा २७ उभ्या मांडणीत घातलं. आठपैकी पाच जणांनी ३५ लिहिलं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. वरचा अंक लहान असला की मुलं सरळ खालून वर जातात.

त्या पाचांतला एक मुलगा दर गुरुवारी आठवडी बाजारात आईबरोबर भाजीला बसतो. मधल्या सुट्टीत त्याला सहज विचारलं, "तुझ्याकडे ५२ रुपये आहेत, २७ खर्च झाले, किती उरले?" तो खाऊ खाता खाताच म्हणाला, "पंचवीस." मी त्याची वही त्याच्यासमोर धरली. त्याने ३५ कडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, ते बाजारातलं. हे गणित आहे."

मला त्या रात्री झोप लागली नाही. बारा वर्षं शिकवतेय, आणि माझ्या वर्गातल्या मुलाला वाटतं की गणितात उत्तर वेगळं आलं तरी चालतं.

दुसऱ्या दिवसापासून उभी मांडणी बंद केली. फळ्यावर फक्त गोष्ट लिहायची, काड्यांचे गठ्ठे, मणीमाळ, खेळण्यातल्या नोटा समोर ठेवायच्या, आणि म्हणायचं, तुम्हाला सुचेल तसं करा, मग कसं केलं ते सगळ्यांना सांगा. बाजारवाला मुलगा २७ वरून ३०, मग ५०, मग ५२ असा वर चढला. ३ आणि २० आणि २, पंचवीस. दोघांनी पाच गठ्ठे नि दोन सुट्या काड्या मांडल्या आणि एक गठ्ठा सोडून त्याच्या दहा काड्या सुट्या केल्या. एका मुलीने मात्र मला अडवलं. तिने लिहिलं: ५० मधून २० गेले, ३० उरले. दोनातून सात द्यायचे तर पाच कमी पडतात. ते तिसातून द्यायचे. २५.

उत्तर बरोबर आहे, पण ही रीत दर वेळी चालते का? मी तिला "छान" म्हटलं आणि पुढे गेले, कारण माझीच खात्री नव्हती.

आणि मोठा प्रश्न: चाचणीत उभी मांडणीच येणार. ती परत कधी आणायची? पालक विचारू लागलेत की वहीत गणितं का दिसत नाहीत.

---

निवृत्त_मास्तर | ४ ऑगस्ट, रात्री १०:०२

बाई, तुमची तळमळ कळते, पण एक सांगतो. मी ३४ वर्षं प्राथमिकला होतो, एकेका वर्गात ५५ मुलं. प्रत्येकाला सुचेल तसं करू दिलं असतं तर दिवाळीपर्यंत वजाबाकीच चालली असती. उभी मांडणी हे पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेलं हत्यार आहे. ते नीट हातात दिलं की मूल कुठलीही वजाबाकी करतं, दोन अंकी असो की सात अंकी.

आमच्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाव, अर्धा, पाऊण, सव्वाचे पाढे पाठ असायचे. वाण्याच्या दुकानात सव्वा शेराचा हिशोब ते बोलता बोलता करत. हे पाठांतरानेच आलं. आज "मुलाला शोधू द्या" म्हणत पाढे मागे पडलेत आणि सातवीतलं पोर सात आठे किती म्हटलं की बोटं मोजतं. याचं मला फार वाईट वाटतं.

त्या मुलीची रीत हुशारीची आहे. पण वर्गातली बाकीची सात पोरं त्या "पाच कमी"मध्ये गोंधळतील.

---

पुणेकर_आई | ४ ऑगस्ट, रात्री ११:२०

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात दुसरीत आहे. ८ आणि ७ ची बेरीज बोटांवर करते म्हणून वर्गात ओरडा बसला. आता ती हात बाकाखाली लपवून मोजते. घरीसुद्धा. परवा जेवताना तिच्या बाबांनी सहज काहीतरी विचारलं तर तिने हात मागे नेले. मला रडू आलं. बोटं वापरणं इतकं चुकीचं आहे का? आणि ती सवय सोडवायची कशी?

---

टाचणवही | ५ ऑगस्ट, सकाळी ७:४०

@रानजाई, तुमच्या बाजारवाल्या मुलासारखीच मुलं ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात अभ्यासली गेली होती. तेरेझिन्या नुनेस आणि तिचे सहकारी यांनी १९८५ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. रस्त्यावर नारळ, फळं विकणारी पाच मुलं, वय ९ ते १५. संशोधक आधी गिऱ्हाईक म्हणून गेले. त्या व्यवहारांत मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. मग त्याच आकड्यांची शाब्दिक उदाहरणं दिली, तर ७४ टक्के. आणि नुसती आकडेमोड कागदावर दिली तेव्हा ३७ टक्के. मुलं तीच, आकडे तेच.

एका मुलाला ३५ ला एक या भावाने दहा नारळांचे किती असं विचारलं. त्याने आधी तीन नारळांचे १०५ धरले, मग आणखी तीन मिळवून २१०, आणि तसं पुढे जात ३५० ला पोचला. शाळेत "दहाने गुणायचं तर पुढे शून्य" हे त्याला शिकवलेलं असणारच. पण त्याचा विश्वास नारळांवर होता.

याची दुसरी बाजू आपल्याकडची. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि इतरांनी केलेलं काम २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. बाजारातली मुलं तोंडी अवघड हिशोब करतात, पण शाळेच्या पद्धतीचं गणित समोर आलं की अडतात. आणि फक्त शाळेत शिकणारी मुलं बाजारातल्या हिशोबाला अडतात. म्हणजे नुसतं बाजारावर सोडूनही भागत नाही. दोन्हींमधला पूल बांधण्याचं काम शिक्षकाचंच.

मास्तर, तुमचा ५५ चा पट मी विसरत नाही. पण "मुलाला शोधू द्या" याचा अर्थ शिक्षकाने बाजूला बसायचं असा मी घेत नाही. खरं काम आकडे निवडण्यात आहे. ५२ वजा २७ च्या आधी ५० वजा २०, मग ५२ वजा २०, मग ५० वजा २७, आणि मग ५२ वजा २७ दिलं, तर अर्धा वर्ग स्वतःहून पायरी चढतो. ५१ वजा ४९ दिलं की काड्या मांडणाऱ्यालाही कळतं, इथे वर मोजणं सोपं. कुणाला आधी बोलावायचं तेही ठरवावं लागतं. मी आधी काड्यावाल्याला बोलावतो, मग वर मोजणाऱ्याला, आणि आकड्यांतच करणाऱ्याला शेवटी. हुशार मूल आधी बोललं की बाकीची पाटी पुसतात.

पाच जणांनी ३५ लिहिलं, ते निष्काळजीपणाने नाही. "मोठ्यातून लहान जातो, लहानातून मोठा जात नाही" हे आपणच त्यांना पहिलीत सांगितलेलं असतं. ते नियम पाळत आहेत.

@पुणेकर_आई, बोटं चुकीची नाहीत. सोडवायची तर बोटं तशीच ठेवून एकेक मोजणं सोडवायचं. आठ बोटं उघडी, दहा व्हायला किती? दोन. सातातले दोन तिकडे दिले, उरले पाच. पंधरा. असं महिनाभर खेळलात तर हात आपोआप खाली जातील. तोवर ते टेबलावर दिसू देत.

---

कालवाकाठ | ५ ऑगस्ट, दुपारी १:५५

नेदरलँड्समधून लिहितो आहे. रानजाईताई, तुमच्या त्या मुलीची रीत वाचून मी उठून मुलाची जुनी वही शोधली. इथल्या शाळेत अगदी तीच रीत पुस्तकातून शिकवतात. डावीकडून सुरुवात: ५० वजा २० बरोबर ३०. मग २ वजा ७, तिथे "५ कमी" असं लिहितात. ३० वजा ५ बरोबर २५. तेव्हा चालते, नेहमीच चालते. तीन अंकांतही: ४०३ वजा १८७ घ्या. ३०० उरले, दशकात ८० कमी, एककात ४ कमी. ३०० मधून ८४ गेले, २१६. तुमच्या मुलीने हे कुणी न सांगता काढलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

इथे हान्स फ्रॉइडेन्थाल नावाचे गणितज्ञ होऊन गेले. त्यांचं म्हणणं होतं की गणित ही माणसाने करायची गोष्ट आहे, तयार ताटात वाढायची नाही. त्यातून शाळेसाठी साधनं आली. लहान मुलांना वीस मण्यांची चौकट देतात: दोन ओळी, प्रत्येकीत पाच लाल, पाच पांढरे. पुणेकर_आई, ८ आणि ७ त्यावर एका नजरेत दिसतात, वरचे पाच नि खालचे पाच मिळून दहा, उरले तीन नि दोन. घरी दोऱ्यात मणी ओवून करता येईल.

मग रिकामी संख्यारेषा येते. नुसती रेघ, त्यावर खुणा नाहीत. मूल ५२ लिहितं, मागे २० ची मोठी उडी मारून ३२, मग २ ची उडी ३०, मग ५ ची, २५. कुणी दहा-दहाच्या दोन उड्या मारतं. मुलाने काय विचार केला ते शिक्षकाला रेघेवर वाचता येतं. साहित्याचा खर्च शून्य, तेव्हा तुमच्या शाळेतही जमेल.

पण मास्तरांच्या शंकेलाही इथे आधार आहे. २००७ च्या सुमारास इथे या पद्धतीवर मोठा वाद झाला. मुलांना भागाकार येत नाही, जुनी पद्धत परत आणा, असं अनेक प्राध्यापक म्हणू लागले. २००९ मध्ये इथल्या विज्ञान अकादमीने अहवाल दिला की नव्या आणि पारंपरिक पद्धतीत ठाम फरक दाखवता येत नाही, आणि भर शिक्षकाच्या तयारीवर दिला. आपली बाजू मांडताना हेही सांगावं असं मला वाटतं.

आणखी एक गंमत. डच भाषेत पंचवीसला "पाच-आणि-वीस" म्हणतात, आपल्यासारखंच एकक आधी. माझा मुलगा दोन्ही भाषांत ऐकून ५२ लिहिताना २५ लिहायचा.

---

शून्य_एक | ५ ऑगस्ट, दुपारी ४:३०

मास्तरांशी सहमत. ७००४ वजा २८६९ संख्यारेषेवर किती उड्या मारणार? कधीतरी एकच पक्की रीत लागतेच.

---

सातपुडा | ५ ऑगस्ट, रात्री ८:४८

एकक आधी, हाच माझ्या वर्गाचा खरा प्रश्न. मी नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव भागात शिकवतो. मुलं घरी पावरी बोलतात. त्यांना वजाबाकीच्या आधी संख्येचं नावच अडवतं. "एकोणसाठ" म्हटलं की मूल ६९ लिहितं, कारण त्याला "साठ" ऐकू येतं. त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. पहिल्या दोन वर्षांत एवढी जोडाक्षरं, आणि नावात ना दशक स्वच्छ दिसतो ना एकक. शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस करत एकोणनव्वदपर्यंत जायचं आणि ९९ ला मात्र नव्व्याण्णव.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून झालेला गदारोळ आठवत असेल. बावीसबरोबर "वीस दोन" असंही वाचायला सांगितलं होतं. विधानसभेपर्यंत प्रकरण गेलं, मराठी बुडवली असं लोक म्हणाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर पुन्हा पुन्हा सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिली आहेत, लहान मुलाला सोपं जावं म्हणून. त्यांचं ऐकून घेणारे थोडे होते. २०२३ मध्ये त्या गेल्या. माझ्या शाळेत मी आजही आधी "पन्नास दोन" म्हणतो आणि मुलांचा हात बसला की "बावन्न" आणतो. ५२ वजा २७ ला "पन्नास दोनमधून वीस सात" म्हटलं की निम्मं काम झालेलं असतं. रानजाईताईंच्या मुलीने मनात तेच केलं असणार.

मराठी यात बुडत नाही. माझी आजी अंडी विसाने मोजायची, "तीन विसा आणि सात". तिला सदुसष्ट हा शब्द लागायचाच नाही, आणि तिचा हिशोब कधी चुकला नाही.

---

निवृत्त_मास्तर | ५ ऑगस्ट, रात्री ९:३७

सातपुडा, २०१९ ला मी विरोधात होतो, वर्तमानपत्राला पत्रही लिहिलं होतं. नावं ही आपली ठेव आहे असं आजही मानतो. पण पावरी बोलणाऱ्या मुलाचा विचार मी तेव्हा केला नव्हता हे कबूल करतो. माझी सगळी मुलं घरून "एकोणसाठ" ऐकून यायची.

पाढ्यांवरून मात्र हटणार नाही. टाचणवही, तुमचं काय म्हणणं?

---

टाचणवही | ६ ऑगस्ट, सकाळी ७:१०

पाढे हवेतच, सर. फक्त सात आठे विसरलेल्या मुलाकडे दुसरी वाट असावी. सात साते एकोणपन्नास, त्यात आणखी सात, छप्पन्न. किंवा सात चोक अठ्ठावीस, त्याची दुप्पट. ज्याला हे जमतं त्याचा पाढा चार-पाच वेळा असा पडून उठतो आणि मग पक्का बसतो. तुमच्या वडिलांच्या सवायकीतही हेच होतं, पूर्ण अधिक पाव. पाठांतराआड ती समज होती, आणि दुकानात ती रोज वापरात होती.

आता मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, ज्ञानरचनावादी (मुलाने स्वतः करून ज्ञान घडवण्याचं) काम उभं राहिलं, राज्यभरातून शिक्षक बघायला गेले. तिथे फरशीवरच्या आखणीत मुलं बसून स्वतः मांडायची, मोडायची, एकमेकांना सांगायची. परत येऊन अनेक ठिकाणी फक्त फरशी रंगवली गेली. मी बीटमध्ये फिरतो तेव्हा दिसतं: खाली सुंदर संख्याचौकट, वर रांगेत बसलेली मुलं फळ्यावरचं उतरवून घेताहेत. साहित्यपेटी कपाटात कुलूपबंद, हरवलं तर भरून द्यावं लागेल म्हणून. यात शिक्षकाला दोष देत नाही, साहित्य हरवल्याचा जाब त्यालाच विचारला जातो. "तू हे कसं केलंस?" हा प्रश्न मात्र कुठल्या पेटीत नसतो, आणि तो विचारून उत्तर संपेपर्यंत गप्प राहणं मला स्वतःला शिकायला काही वर्षं लागली.

शून्य_एक, बरोबर. ७००४ वजा २८६९ ला उभी मांडणी लागेल. मुलाला दशक, शतक सोडणं हाताने कळलं असेल तर ती मांडणी त्याच्या कामाचीच थोडक्यात केलेली नोंद होते. म्हणून रानजाईताई, गठ्ठा सोडणाऱ्या त्या दोघांपासून सुरुवात करा. ते काड्यांनी करतील, तुम्ही शेजारी फळ्यावर उभं लिहा. गठ्ठा सुटला की पाचाचे चार, दोनाचे बारा. "उसना घेतला" म्हणू नका, आपण काही परत देत नाही. "दशक सुटा केला" म्हणा, पुस्तकातही तोच शब्द आहे.

---

पुणेकर_आई | ९ ऑगस्ट, रात्री ८:२५

लाल-पांढरे मणी ओवले. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "हे शाळेत सांगायचं नाही ना?" आज तिने मला ९ आणि ६ चं शिकवलं. हात टेबलावर होते. सगळ्यांचे मनापासून आभार.

---

रानजाई | १७ ऑगस्ट, रात्री ९:५०

उशिरा लिहितेय, मध्ये झेंडावंदन आणि त्याची तयारी होती.

टाचणवहींनी सांगितलं तसं केलं. दोघांनी गठ्ठे सोडले, मी शेजारी उभं लिहीत गेले. तिसऱ्या उदाहरणाला एका मुलाने खडू माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पाच खोडून चार केले. बाजारवाल्या मुलाला विचारलं, तुझं ३५ आता कसं वाटतं? तो म्हणाला, "सत्तावीस दिले आणि पस्तीस उरले तर बावन्नपेक्षा जास्त होतात." आता त्याला सवयच लागली आहे, वहीतलं प्रत्येक उत्तर बेरीज करून तपासतो.

त्या मुलीला कालवाकाठ यांचं ४०३ वजा १८७ दिलं. तिने ३०० लिहिले, "८० कमी, ४ कमी" लिहिलं, आणि बराच वेळ थांबली. मी काही बोलले नाही. मग तिने ८४ केले आणि २१६ लिहिले. मी तिला सांगितलं की समुद्रापलीकडच्या एका देशात मुलं अगदी तुझ्यासारखं करतात. तिने विचारलं, "त्यांना कुणी सांगितलं?"

पालकांना शनिवारी बोलावलं होतं. वह्या दाखवण्याऐवजी मुलांनाच उभं केलं. एका आजोबांनी नातवाला २३५ वजा १४८ घातलं आणि तो १४८ वरून वर मोजत ८७ ला पोचला, तेव्हा ते म्हणाले, "हे तर आमचं सुट्टे देण्याचं गणित." त्यानंतर वहीचा विषय निघाला नाही.

एक मुलगा मात्र अजून तिथेच आहे. ४०३ वजा १८७ ला त्याने ३८४ लिहिलं, पुन्हा मोठ्यातून लहान. काड्यांनी करतो तेव्हा बरोबर येतं, काड्या बाजूला ठेवल्या की परत तेच. मणीमाळेवर त्याला ३० च्या पुढे भरवशाने जाता येत नाही हे मला काल कळलं, म्हणजे मी त्याला दोन वर्षं पुढचं देत होते. सोमवारी त्याला ३० वजा ७ देणार आहे, आणि माळ त्याच्या हातात. सातपुडासर, त्याच्यासाठी "वीस तीन" म्हणून बघू का? आणि किती दिवस तसं म्हणू द्यायचं?

---

सातपुडा | १७ ऑगस्ट, रात्री १०:३१

बघा नक्की, ताई. दिवस ठरवू नका. माझ्याकडे एकाने दिवाळीपर्यंत "वीस तीन" म्हटलं आणि एके दिवशी प्रार्थनेच्या रांगेत मुलं मोजताना स्वतःच "तेवीस" म्हणाला. त्या मुलाचं सोमवारी काय झालं ते इथे लिहा.